भेगेवरचा कागद

दुसऱ्यांची घरं रंगवून मी थकलो नव्हतो, चिडलो होतो. लोकांनी पडीक घर घ्यायचं, डागडुजी करायची, माझ्याकडून रंग मारून घ्यायचा आणि चढ्या भावाने विकून मोकळं व्हायचं, हे मी इतकी वर्षं नुसतं बघत आलो. म्हणून गल्लीच्या टोकाचं ते बंद घर स्वस्तात निघालं, तेव्हा म्हटलं, या खेपेला हा उद्योग आपणच करू.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण किमतीचा चौथा हिस्सा आणि दुरुस्तीचा खर्च आमचा. आमच्याकडे खडखडाट. पैसे होते ते आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या ठेवीत. निवृत्तीला मिळालेले, सगळेच्या सगळे. त्या घर बघायला आल्या. नळ सोडून पाहिले, दारं लावून पाहिली आणि मागच्या खोलीतल्या तिरक्या भेगेपाशी थांबल्या.

"जावईबापू, ही जुनी आहे की अजून वाढतेय?"

प्रश्न बिनतोड होता. मी घरच्या जुन्या कॅलेंडरची एक पट्टी कापून भेगेवर आडवी चिकटवली. भिंत सरकत असेल तर कागद फाटतो.

"महिनाभर टिकला तर ठेव मोडते," सासूबाई म्हणाल्या. दलालाने किल्ली आमच्याकडेच ठेवली. खिडक्या उघडून घराला हवा द्यायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं.

महिन्याने गेलो, तर पट्टी अखंड! मी खुशीत तिच्यावरून हात फिरवला आणि थबकलो. माझ्या पट्टीवर रविवारचा लाल आकडा होता. हिच्यावर सगळे काळे. बाजूच्या भिंतीत एक नवाकोरा खिळाही होता. रिकाम्या घरात खिळा कोण ठोकतं?

पहिला संशय बायकोवर. पण पालींच्या धास्तीने तिने त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं. घरी येऊन कॅलेंडर काढलं. त्यातून आणखी एक पट्टी कापलेली होती.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं.

"आठवड्यातच फाटली होती," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "मी दुसरी लावली."

"अहो आई, पण पैसे तुमचे! बुडाले असते तर तुमचेच ना?"

"ते मला कळत नाही होय? तुम्ही कच खाल असं वाटलं."

"आणि तो खिळा?"

त्यांनी निवडलेली भाजीच पुन्हा निवडायला घेतली. "जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. खिळा मारायचा तरी मालकाला विचारा. म्हटलं, एकदा न विचारता मारून बघू."

"पण ते घर आपण विकणारच होतो!"

"विकेपर्यंत तर आपलं असतं ना?"

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. तरी भिंत सरकतेय हे कळल्यावर त्यांचा म्हातारपणाचा आधार मी त्या घरात घालणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी दलालाला नाही म्हणून सांगितलं. किल्ली देण्याआधी पक्कडीने तो खिळा उपटला आणि घरी आणून सासूबाईंच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "वाकवलात की हो," म्हणाल्या. मग हातोडी मागितली, मागच्या पायरीवर बसून खिळा ठोकून ठोकून सरळ केला आणि विचारलं, "पुढचं घर बघायला कधी जायचं?"