बारा रविवारांची बॅच

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. भावनाच्या कोडिंगच्या वर्गात ते चारच निघायचे. नंदनवन भागातल्या बुद्धविहाराच्या सभागृहात ती दर आठवड्याला वस्तीतल्या बायापोरींना प्रोग्रॅम लिहायला शिकवायची, आपली नोकरी सांभाळून. पहिल्या बॅचला बावीस जणी आल्या, शेवटी उरल्या पाच. दुसरीत उरल्या चौघीच. ज्या संस्थेने लॅपटॉप दिले होते, तिचा व्यवस्थापक अपूर्व सदर भागातल्या ऑफिसात हसतहसत म्हणाला, "मॅडम, यावेळी पंधरा जणींनी बारा रविवार पूर्ण केले नाहीत, तर लॅपटॉप दुसऱ्या वस्तीला जातील." काही लोकांना वाईट बातमी गोड सांगायची हौसच असते.

भावना हट्टी. चूक वेळापत्रकाची, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. म्हणून वेळ आधी सकाळी नऊची, मग शनिवार, मग रविवारी दुपारी तीनची. कोणी दांडी मारली की ग्रुपवर हजेरीचा तक्ता यायचा, गैरहजर नावं लाल रंगात. वर फोन करून कारण विचारायची, तेही अगदी कळकळीने. तिसऱ्या बॅचच्या चौथ्या रविवारी विसातल्या आठच जणी आल्या आणि तिचा धीर सुटला.

वर्षावास सुरू होता, पावसाळ्यातला ग्रंथवाचनाचा काळ. विहारात रोज संध्याकाळी सिंधूताई ग्रंथ वाचायच्या. शिक्षण सातवी, आवाज खणखणीत, आणि तीन महिने विहार गच्च. भावना मागे जाऊन बसली, तर समोर मनकर्णा! हिने वर्गाकडे दोन रविवार पाठ फिरवलेली. वाचनालाही ती चार दिवसांनीच आली होती, पण कोणी काही विचारलं नाही. शेजारणीने सरकून जागा दिली, आणि वाचनाआधी एका बाईने उठून आदल्या दिवसांत काय वाचलं ते सगळ्यांना सांगितलं.

लोक पांगल्यावर भावनाने विचारलंच. "सिंधूताई, तुमच्याकडे सारे येतेत. माह्याकडे काहून टिकत नाही?"

"तू त्यायले कारण विचारते म्हणून," सिंधूताई म्हणाल्या. "पोराले ताप, सासूचं दुखणं, कितीदा सांगन बाई? अन् वरून लाल रंग! एक दिवस चुकला की लाज वाटते वं. मंग दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाही."

"पण मागचं चुकलं तर पुढचं समजन कसं?"

"जिले समजलं ते सांगन. माह्या इथं मी एकटीच बोलून राहिली का?"

भावनाला ते झोंबलं. पण खरं होतं, म्हणूनच झोंबलं. त्याच रात्री तिने तक्ता काढून टाकला. वर्ग वाचनाच्या आधी, साडेचारला ठेवला. बाया तिकडे येतच होत्या. सुरुवातीला कोणीतरी एक जण मागचा धडा सांगायची, मागचा रविवार चुकलेली दोघींच्या मध्ये बसायची, आणि कारण विचारायला बंदी. सातव्या रविवारी सोळा जणी होत्या.

आणि दहाव्या रविवारच्या आधी भावनालाच डेंग्यूने गाठलं. दवाखान्यातून तिने ग्रुपवर लिहिलं, 'दोन रविवार वर्ग बंद.' मग भिंतीकडे तोंड करून रडली. लागोपाठ दोन रविवार बुडाले की कोण परत येतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि बाराव्या रविवारी अपूर्व मोजायला येणार होता.

त्या दिवशी ती आईचा हात धरून, पाय ओढत सभागृहापाशी पोचली. बाहेर चपलांचा ढीग. आत अपूर्व कोपऱ्यात बसून मोजत होता, सोळावर थांबला. फळ्यापाशी मनकर्णा उभी होती, एकच काम पुन्हापुन्हा करवून घेणारा लूप समजावत. दोन्ही रविवार बायांनीच वर्ग घेतला होता. बंदचा निरोप सगळ्यांनी वाचला होता आणि कोणीच मानला नव्हता.

ताप कसा आहे, कोणी विचारलं नाही. दोघींनी सरकून मध्ये जागा केली.

"मॅडम, दोन धडे चुकले तुमचे," मनकर्णा म्हणाली. "बसा, मी सांगतो."

भावनाने वही उघडली. स्वतःच्या डिग्रीचाही तिला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. फळ्यावर तिसऱ्या ओळीत चूक होती. सवयीने तिचा हात वर गेला, तोच मागच्या रांगेतून सरिता ओरडली, "मनकर्णाबाई, तिसरी ओळ चुकली!"

मनकर्णाने ओळ पुसून नीट लिहिली, आणि भावनाने ती वहीत उतरवून घेतली.