अलोइसचे पेले

"सूप जरा गार करून देता का आपण?" म्हातारा अलोइस म्हणाला. त्सेन्झीने वाडग्यात फुंकर घातली.

गेले सात महिने तिचा बाप तिच्याशी असाच छापील भाषेत बोलत होता. गावच्या बोलीत नाही, सरकारी कचेरीत टोपी काढून बोलावं तसा. पहिल्यांदा त्याने तिला 'आपण' म्हटलं तेव्हा ती गोठ्यात जाऊन रडली होती. आता रडूही येत नव्हतं. शेजारीण रेगीना म्हणायची, फुकटचा मान मिळतोय तर घे की. त्सेन्झीला मान नको होता. मरण्याआधी बापाने एकदा तरी तिला 'तू' म्हणावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

ती स्वतः मात्र त्याला जन्मभर 'अहो'च म्हणत आली. या डोंगरातली ती जुनी रीत. शहरातली भाचरं आजोबांना खुशाल अरे-तुरे करत, तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा आणि हेवाही वाटायचा.

त्या रविवारी जेवण झाल्यावर अलोइसने फडताळाकडे बोट दाखवलं. तिने मुळांच्या दारूची मातीची बाटली काढली आणि दोन पेलेही. काचेच्या कारखान्यात असताना त्याने स्वतः नक्षी कोरलेले ते पेले होते. ती ओतत होती तोवर तो टेबल धरून उभा राहिला. त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. वयाने मोठं माणूस पेला उचलून आपलं नाव सांगतं, समोरचं आपलं सांगतं, आणि तिथून परकेपणा संपतो.

"बाई, लई केलंत माझं," तो गावच्या बोलीत म्हणाला. "आता हे अहो-जाहो बास. मी अलोइस. मला अरे म्हणायचं."

तिने आपला पेला उचलला.

"मी क्रेसेन्त्स. घरी त्सेन्झी म्हणतात."

"आमच्या पोरीचंबी हेच नाव." तो खुलला. "गुणाची हाय, पण येतच नाही. तू कळव तिला. म्हणावं, बाप वाट बघतोय."

"कळवते रे, अलोइस," ती म्हणाली.

कोपरात कोपर अडकवून दोघांनी पेले रिकामे केले. तिने त्याला खुर्चीत बसवलं, पेले धुतले, पुसले आणि जागच्या जागी ठेवून दिले.

संध्याकाळी ती दिवा लावायला आत आली, तेव्हा तो अदबीने थोडा पुढे झुकला.

"माफ करा, आपण कोण?"

त्सेन्झीने फडताळ उघडलं आणि दोन्ही पेले पुन्हा खाली काढले.