शेजारची मोकळी सीट

या, अशा पुढं सरून बसा. मागं भिंतीला टेकलं की कीर्तनात झोप लागते, तशी गोष्टीतही लागते. फार लांबण लावणार नाही, माझाही दम आताशा लवकर सरतो. आमच्या बारक्या गाडीची आणि ती चालवणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

मी चिमणाबाई. राजारामपुरीत दोन खोल्यांत आम्ही दोघं राहतो. आमचे मालक हंबीरराव एसटीत ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं, आणि त्यातली निम्मी मलकापूरच्या रस्त्यावर. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. कुठं सप्ताह आहे म्हटलं की पाय घरात ठरत नाहीत. पण ड्रायव्हरची बायको असून मी सगळा जन्म दुसऱ्याच्या गाडीत उभी राहून कीर्तनाला गेले. यांची ड्यूटी एकीकडं, माझे बुवा दुसरीकडं.

रिटायर झाल्यावर यांनी ही पांढरी पेट्रोल गाडी घेतली. चार दारं, पण पोटात जागा बेताची. डिकीत माझे टाळ आणि दोन पिशव्या ठेवल्या की झाकण दाबून लावावं लागायचं. उंच माणूस, गुडघे स्टेअरिंगला लागायचे. तरी मला म्हणाले, "आता बसून जायचं. सीट तुझी."

सीट माझी, पण मागची. कारण रस्त्यात एसटीचा थांबा आला की गाडी थांबलीच म्हणून समजा. "या पावणं, कुठं जायचं?" आणि पावणं पुढं, यांच्या शेजारी. मी म्हणायची, "अहो, ही काय लाल गाडी हाय काय?" तर म्हणायचे, "माणूस उभा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, त्याला मी काय करू?"

दुसरं खूळ ॲव्हरेजचं. डिझेल वाचवल्याबद्दल डेपोत दोनदा शाल-नारळ मिळालेला माणूस. या गाडीला लिटरमागं बावीस पडतं, ते कमी होता कामा नये. पन्नासच्या वर काटा नाही. एसी लावायचा नाही. मे महिन्यात मी पदरानं वारा घेत बसायची. सगळे पाहुणे हसायचे, "हंबीरराव गाडी चालवत न्हाईत, पेट्रोल राखत बसत्यात." हेही हसायचे.

गेल्या वर्षभरात हे जरा जास्त झालं. पन्नासचे चाळीस झाले. थांब्यावर कुणी नसलं तरी गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा आणि वाट बघायची. पाहुणा मिळाला की त्याच्याशी अखंड बडबड. "पुढं डंपर हाय का ट्रॅक्टर, सांगा बघू." "डावीकडं कोण येतंय?" "तो दगड काय म्हणतोय, मलकापूर किती?" मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. मी मागं डोळे मिटून अभंगाची चाल घोळवत बसायची.

तर परवाच्या माघातली गोष्ट. मलकापूरला सप्ताह होता आणि शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला, अंबादासबुवांचं काल्याचं कीर्तन. बुवा एक्याऐंशीचे. यापुढं वीणा गळ्यात घालून उभं राहणं झेपत नाही, हे शेवटचं, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पहिल्यांदा त्यांना ऐकलं तेव्हा मी परकर नेसत होते. आता शेवटचंही ऐकावं, इतकंच माझं मागणं होतं. वाटेत काला चुकला तर पुन्हा कुठून आणू?

साडेसातला निघालो, टाळांची पिशवी त्या दिवशी मी मांडीवरच घेतली होती. केर्लीला थांबलो, एक शिक्षक बसले, ते वाघबीळला उतरले. तिथं दुसरे एक आजोबा चढले, ते बांबवड्याला उतरले. पुढच्या थांब्यावर कुणी नव्हतं. यांनी गाडी उभी केली, हॉर्न दिला. पुन्हा दिला. नऊ वाजून गेलेले.

"चला की," मी म्हटलं.

"येईल कुणीतरी."

"अहो, कुत्रं न्हाई इथं. कुणाची वाट बघताय?"

"पाच मिनिटं दम धर."

पाचची दहा झाली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, कमरेत कळ, आणि डोळ्यासमोर बुवा उभे. माझा तोल गेला. "चौतीस वर्षं सगळ्या जगाला पोचवलंसा. आज एक दिवस मला पोचवा. आता मधे कुणासाठी थांबला तर मी उतरून चालत जाईन."

त्यांनी आरशात माझ्याकडं बघितलं, म्हणजे मला तसं वाटलं. आणि गाडी पहिल्यात घातली.

एक कोस गेलो असू. डावीकडून वस्तीचा रस्ता येतो. तिथून एक मोपेड आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. मला ती चांगली लांबून दिसली. मला वाटलं, यांनाही दिसलीच असणार. गाडी काही हळू होईना. मी "अहो!" म्हणून ओरडले तेव्हा यांनी ब्रेक मारला. खाडकन आवाज झाला, डावा आरसा गेला, मोपेड आडवी झाली आणि रस्ताभर दूध वाहिलं.

देवाची कृपा, बाईला नुसतं खरचटलं. तिशी-पस्तिशीची असेल. उठून साडी झटकत तरातरा आली आणि यांच्या खिडकीवर हात आपटला.

"ओ पावणं! डोळं हाईत का गोट्या? एवढी कॅन लावलेली गाडी दिसली न्हाय तुमाला?"

"न्हाय दिसली, बाई," हे म्हणाले. "डोळं गेल्यात माझं."

तिनं खिडकीवरचा हात काढला. मी पुढं वाकले.

मग स्टेअरिंगवर हात तसेच ठेवून, समोर बघत त्यांनी सांगितलं. काचबिंदू. दिवाळीच्या आधी शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी तपासलं होतं. मधलं दिसतं, कडा गेल्यात, जसं काय नळीतून बघतोय. गाडी बंद करा, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. यांनी मला घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आता मला एकेक कळायला लागलं. थांब्यावरची माणसं यांना दिसतच नव्हती. थांबे पाठ होते. पुढच्या सीटवरचा पाहुणा म्हणजे यांची डावी बाजू. ती सगळी बडबड, तो डंपर, तो दगड! आणि चाळीसचा काटा ॲव्हरेजसाठी नव्हता हो. वाचवायच्या नावाखाली माणूस वाट चाचपडत होता आणि आम्ही सगळे हसत होतो.

"मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू कीर्तनाला जायचं सोडलं असतंस."

त्यांनी बरोबर केलं असं मी कुणापुढंही म्हणणार नाही. त्या बाईच्या जिवावर बेतलं असतं. मी तसं म्हटलंही, बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी ती बाईच मधे पडली. तिचं नाव वर्षाराणी.

"असूं दे, मावशी. रागं भरून आता दूध कॅनात जाणार हाय व्हय?" मोपेड उभी करून तिनं किक मारली. चालू झाली. "तुमी टाळ घेऊन निघालाय म्हंजे काल्याला निघाला असणार. बसा मागं. पाव तासात सोडती. काकांकडं मालकाला लावून देती, ते आणतील गाडी."

घड्याळात पावणेदहा. तिच्या मोपेडची मागची सीट रिकामी होती, पुसून ठेवलेली. अंबादासबुवा आता वीणा गळ्यात घेत असतील, टाळकरी दोन्ही बाजूंना उभे राहिले असतील.

"जा," हे म्हणाले. "एवढं ऐकून ये. मी हाय की हितं."

मी पिशवी उचलली, एक पाय रस्त्यावर टाकलासुद्धा. मग बघितलं, ते आपल्या दारातून खाली वाकून फुटलेला आरसा रस्त्यावर हातानं चाचपत होते, आणि आरसा पडला होता पलीकडं, डाव्या बाजूला.

मी वर्षाराणीला म्हटलं, "तू जा, बाळ. मालकाला तेवढं लावून दे."

आणि गाडीची पुढची डावी सीट, जी इतकी वर्षं पावण्यांची होती, तिच्यावर जाऊन बसले. जाताना उचललेला आरसा त्यांच्या मांडीवर ठेवला.

दोन तास तिथं होतो. कितीतरी गाड्या गेल्या, चांगल्या मोठ्या, आत एकेकटं माणूस. कुणाचा पाय ब्रेकवर गेला नाही. त्यांना बोल लावत नाही, ज्याला त्याला घाई असते. मलाही होती. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजत आले. ते एकदाच म्हणाले, "दहीहंडी फोडली असंल आता." मी व्हय म्हटलं.

वर्षाराणीचा नवरा, सम्राट, रानातलं काम उरकून चालत आला. काला तर संपला होता, म्हणून गाडी फिरवून आम्हाला घरी न्यायचं ठरलं. मी आणि हे, दोघंही मागं बसलो. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण चालत्या चारचाकीत शेजारी असे पहिल्यांदाच. सम्राटनं गाडी चालू केली आणि विचारलं, "काका, एसी लावू?"

यांचा हात सवयीनं वर झाला. मग खाली आला. "लाव, बाबा."

गार वारा तोंडावर आला तसं त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. वाघबीळ उतरलो. मग एका वळणाला त्यांनी डोळे न उघडताच विचारलं,

"केर्ली आली काय गं?"

"आली."

"थांब्यावर कोण हाय?"

मी काचेतून बघितलं. "एक म्हातारी हाय. डोक्यावर गाठोडं."

"सम्राट, थांबीव. पुढची सीट मोकळी हाय."

ती म्हातारी चढली. शाहूपुरीपर्यंत तिनं सुनेच्या कागाळ्या सांगितल्या आणि हे सारखे "व्हय, व्हय" म्हणत होते.

तेव्हापासून किल्ली माझ्या डब्यात आहे. कीर्तनाला आम्ही एसटीनं जातो, हात धरून. बुवांचं ते कीर्तन राहिलं ते राहिलं.

तुमच्याकडं मागणं एवढंच. तुम्ही गाडीवाले आहात, तुमचे डोळे शाबूत आहेत. कधी थांब्यावर कुणी उभं दिसलं, आणि शेजारची सीट मोकळी असली, तर आमच्या हंबीररावांची आठवण काढा.