मोज्याची करंगळी

धावत्या खेळाचे छायाचित्र घटना पाहून टिपता येत नाही. ती घडण्याआधीच बटण दाबावे लागते. डोळ्याने पाहायचे, मेंदूने मंजुरी द्यायची आणि मग बोटाने हलायचे, एवढ्या सरकारी कारभारात चेंडू केव्हाच चौकटीबाहेर गेलेला असतो. स्टुडिओत खुर्चीवर निश्चल बसणाऱ्या गिऱ्हाइकांवर हात बसलेल्या वहिनीला बेसबॉलच्या मैदानावर हे समजायला अख्खा हंगाम लागला. तिच्या चित्रांत धूळ होती, फिरवून झालेली बॅट होती. चेंडू तेवढा नव्हता.

"वहिनी, तू पाहुणे गेल्यावर फोटो काढतेस," असे तिचा दीर म्हणे. गावच्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, तोच.

दुसऱ्या हंगामात मात्र चित्रे अचूक येऊ लागली. एका वर्तमानपत्राचा क्रीडासंपादक ती छापू लागला आणि अंतिम सामन्याची चित्रे अशीच उतरली तर कायमची नोकरी देईन, म्हणाला. सगळ्यांनी श्रेय तिच्या सरावाला दिले. खरे कारण एकट्या तिला ठाऊक होते. बोटांची पकड दिसू नये म्हणून पिचर चेंडू दुसऱ्या हातातल्या चामडी मोज्यात लपवतो. पण संथ चेंडू टाकायचा असला की दीर तो तळहातात खोल दाबी आणि मोज्याची करंगळी किंचित बाहेर फुटे. लांब पल्ल्याच्या भिंगातून तिला ती स्पष्ट दिसे. करंगळी हलली की ती बोट क्षणभर रोखून धरी.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दीर स्वयंपाकघरात तिची चित्रे चाळत बसला होता.

"काय पकडलंस गं या चेंडूला! तुला आधी कळतं तरी कसं?"

सराव, एवढे म्हटले असते तरी भागले असते. प्रतिस्पर्ध्यांना वर्षभर दिसले नाही, ते उद्याच कशाला दिसेल? युक्तिवाद बिनतोड होता. पण तो आपल्या सोयीचा आहे म्हणूनच इतका बिनतोड वाटतो, हेही तिला कळत होते.

"भावोजी, तुमची करंगळी चुगली करते."

"माझी?"

"मोज्याची. संथ चेंडू टाकायचा असला की बाहेर येते."

त्याने मोजा चढवून, त्यात चेंडू दाबून आरशात पाहिले. "म्हणजे मी वर्षभर दवंडीच पिटत होतो!"

"तरीच पत्त्यांत रोज हरतोस," आतून त्याचा भाऊ ओरडला.

"उद्या बंद करतो. पण मग तुझ्या नोकरीचं काय?"

"माझं मी बघेन. तुम्ही जेवा आधी."

दुसऱ्या दिवशी करंगळी गप्प होती. सवयीने भिंग मोज्याकडे वळे आणि रिकाम्या हाताने परते. वहिनीचे बोट कधी उतावळे, कधी आळशी. अर्धा सामना असा मातीत गेल्यावर तिने पिचरचा नाद सोडला आणि भिंग समोरच्या फलंदाजावर रोखले. कोणता चेंडू येणार, हे त्यालाही ठाऊक नव्हते. पण बॅट फिरण्याआधी त्याचा पुढचा गुडघा निर्णय घेत होता. ती त्या गुडघ्याची वाट पाहू लागली. वेगवान चेंडूच्या भरवशावर गडी सर्वांगाने फिरला, संथ चेंडू अजून वाटेतच होता, आणि तिने बटण दाबले.

सामना दिराच्या संघाने जिंकला. संपादकाने चित्रे पाहून ते एकच बाजूला काढले.

"चेंडू कुठंय?"

"यायचाय अजून."

त्याने फलंदाजाच्या फसलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवले. "हे छापतो. पण एका चित्रावर नोकरी देता येणार नाही, बाई. पुढचा हंगाम बघू."

दीर कचेरीबाहेर पायरीवर थांबला होता. "माझ्यामुळे गेली ना?"

"तुमच्यामुळे मिळत होती," ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "आता माझी मी मिळवते."