असल मूठ

क्रांती चौकात माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधीच विचारतं, "भाई, असल है ना?" म्हणजे कंपनीचा माल, बनावट नव्हे. बोटांनी चाचपून असल कुठलं नि नकल कुठलं हे सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला माज होता. होता म्हणतो.

माझे वडील, तात्या, पाचोडकडचे बागायतदार. लोक त्यांना तात्यासाहेब म्हणतात. तरुणपणी त्यांनी छावणीतल्या एका निवृत्त फौजी साहेबाकडून विलायती स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, दोनच सीटांची, टप मागं पडणारी. मी शाळेसाठी शहरात मावशीकडं, त्यामुळं त्या गाडीत मी जेमतेम दोनदा बसलो असेन. मी दहावीत असताना ती बंद पडली आणि ताडपत्रीखाली गेली ती गेलीच.

दोन वर्षांपूर्वी तात्यांनी एकाएकी हट्ट धरला, गाडी चालू कर. ऐंशीच्या घरातला माणूस लहान पोरासारखा मागं लागला. मी गाडी शहरातल्या घरी आणली आणि कामाला लागलो. कार्बोरेटर कोलकात्याहून, दिव्यांच्या रिंगा कोइमतूरहून, असं एकेक जमवत गेलो. निम्मं काम झालं असेल, तेवढ्यात तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली, आणि मी त्यांना शहरात माझ्याकडं आणलं. त्यांना सगळं कळायचं, पण बोलायला गेले की वाक्याचं शेपूट तेवढं तोंडातून बाहेर पडायचं.

गेल्या दसऱ्याला इंजिन सुरू झालं. झेंडूची माळ घातली आणि तात्यांना उचलून स्टिअरिंगपुढं बसवलं. त्यांचा धड असलेला डावा हात सरळ गिअरच्या दांड्यावर गेला. त्या दांड्याला मूठ नव्हती, म्हणून मी दुकानातली काळी प्लास्टिकची बसवली होती. तात्यांनी ती फिरवून काढली, खाली टाकली आणि म्हणाले, "असल."

मला काय, आनंदच झाला. शेवटी पार्टवाल्याचा बाप! लोकल माल चालत नाही म्हणतात.

मग मी त्या मुठीच्या मागं लागलो. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेतून तिचा फोटो काढून काउंटरच्या काचेखाली ठेवला. हस्तिदंती रंगाची, डोक्यावर चार गिअरचे आकडे कोरलेली. दहा महिने मी देशभर फोन केले. शेवटी इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या शौकिनानं त्याच्याकडची एक पाठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी कुरिअर आलं. मी धावतपळत घरी गेलो, तात्यांना गाडीत बसवलं आणि मूठ त्यांच्या हातात ठेवली.

तात्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, मान हलवली, गिअरच्या दांड्याकडं बोट केलं. "असल. असल."

माझं डोकं सटकलं. "अहो, हीच असल आहे! अजून किती असल पाहिजे तुम्हाला?" मी ओरडलो. आजारी बापावर ओरडलो. ते माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. त्यानंतर तो शब्द त्यांनी काढला नाही. मला वाटलं, पटलं बुवा एकदाचं.

तीन आठवड्यांनी पाचोडचा कडुबा ट्रॅक्टरचा पट्टा घ्यायला दुकानात आला. काचेखालचा फोटो बघून म्हणाला, "ही तं आमच्याकडं हाय की. त्रिंबक मेंढक्याच्या काठीला. ल्हानपनी एक-दोन-तीन-चार आम्ही हिच्यावरूनच शिकलो."

दुसऱ्या दिवशी मी पाचोडला गेलो. त्रिंबकची बायको राजाबाई ओसरीवर बसली होती. मागं भिंतीला काठी टेकवलेली, टोकाला पिवळी पडलेली मूठ. मी कुणाचा ते सांगितलं.

"लई उशीर केला, बापा," राजाबाई म्हणाली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी गेले ते."

मला बसायला सांगून ती बोलत राहिली. दरसाल सुगी झाली की त्यांच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसायच्या. मेंढ्या वाघराच्या जाळीत कोंडलेल्या आणि तात्या नि त्रिंबक गाडीत, पार पैठणच्या धरणापर्यंत. गाडी बंद पडली तेव्हा तात्यांनी मूठ काढून त्रिंबकला दिली होती. "म्हनले, तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. गाडी चालू झाली की तुला न्यायला येतो, तवा ही घेऊन बस. दोन सालामागं सांगावा आला, काम काढलंय म्हून. तवाधरनं दाराकडं तोंड करून बसायचे. पायच गेले व्हते त्येंचे. रस्त्यानं गाडी वाजली की म्हनायचे, तात्या असल."

तात्या असल, म्हणजे तात्या असेल. असल. असेल. शहरात शिकून मी 'असेल' म्हणायला लागलो, आणि 'असल' हा शब्द माझ्या कानात फक्त मालापुरता उरला. तात्या वर्षभर मला सांगत होते, मूठ त्रिंबककडं असल. तो घरी असल. चाळीस किलोमीटरवर.

राजाबाईनं मूठ काठीवरून फिरवून काढून दिली. काठी तशीच भिंतीला ठेवली. "तात्यासाहेबाला सांगा, वाट बघून गेले," ती म्हणाली.

संध्याकाळी तात्यांना गाडीत बसवलं आणि त्यांच्यासमोर मूठ दांड्यावर बसवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, अंगठा आकड्यांवरून फिरवला आणि हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. मला रडू आवरेना. मी शेजारच्या सीटवर बसायला गेलो, तर त्यांनी हात आडवा घातला. ती सीट माझी नव्हती.

मग फाटकाकडं बघून त्यांनी विचारलं, "असल?"

या वेळी मला समजलं. राजाबाईचा निरोप ओठापर्यंत आला होता.

"येत असल, तात्या," मी म्हणालो.

एकतीस वर्षांत नकली माल असल म्हणून मी कुणाला दिला नव्हता. तो बापाला दिला. तात्यांनी मान हलवली आणि मूठ धरून ते वाट बघत बसले. मी जाऊन फाटक उघडून ठेवलं.