सव्वीस वर्षांचा फ्रीज

भांडण झालं ते वाटेवरून. मधूच्या मुलाला, निहारला, मुंबईहून गाडी घेऊन यायचं होतं, आणि गाडी घरापुढच्या खळ्यापर्यंत आणायची तर शेजारच्या गुरुदासची आठ फूट जागा हवी होती. मधू आणि गुरुदास चुलत भाऊ. दोन घरांच्या मधे कमरेएवढा दगडी गडगा, आणि त्या गडग्याला लागून गुरुदासची सात काजूची झाडं.

त्या सकाळी गुरुदास आणि त्याची बायको सुगंधा दोन गडी घेऊन काजू गोळा करत होती. आठ वाजले नव्हते तरी जांभ्या दगडाचा सपाट सडा तापायला लागला होता. मधूची बायको आनंदी गडग्याशी येऊन उभी राहिली नि तिने विचारलं, झाडं कधी तोडताय, जेसीबीवाल्याला दिवस द्यायचाय. गुरुदासने बोंडू पिळून बी टोपलीत टाकली. बापाने लावलेली झाडं, पोरासारखी वाढवलेली, तो मान वर न करता म्हणाला, "देवान पाय दिलेले आसत निहाराक. चालत येवंदे."

गडी हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. मी पलीकडे माझी रिक्षा धूत होतो. आनंदी पदर खोचून घरात गेली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आमच्या फ्रीजार जगता आणि आमकाच पाय दाखयता."

ते खरंच होतं म्हणा. गुरुदास त्या फ्रीजवर जगत होता.

फ्रीज अठ्ठ्याण्णव सालचा. मधू तेव्हा हायस्कुलात शिपाई होता. पगाराचा फरक मिळाला तेव्हा त्याने तळेऱ्याहून टेम्पोत घालून तो आणला. फिकट निळा, एका दाराचा, वरच्या बाजूला बर्फाचा खण. वाडीतला पहिला फ्रीज. सव्वीस वर्षांत एकदा दाराचं रबर बदललं, बाकी स्क्रूसुद्धा नाही. लाईट गेली की मधू दाराला दोरी बांधायचा, कोणी उघडू नये म्हणून, आणि दहा-बारा तासांनी उघडलं तरी आतलं पाणी दाताला लागायचं. वाडीत कुणाच्या पोराला ताप चढला की बर्फ मधूकडचा. कुणी म्हातारं गेलं आणि मुंबईचे मुलगे पोचायचे असले की उशापायथ्याला बर्फ मधूकडचा. मधू त्याला दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायचा. निहार नवा घेऊ म्हणाला की मधू म्हणायचा, ह्याने मला कधी दगा दिला नाही, मी कशाला देऊ.

गुरुदासला पाच वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. त्याच्या घरात फ्रीज नाही, मग बाटल्या मधूकडे. चालू बाटली दारातल्या कप्प्यात, नव्या बाटल्यांचा खोका मागे. सुगंधा सकाळ-संध्याकाळ येऊन चालू बाटलीतून सुई भरून न्यायची. गुरुदासला नीट दिसत नाही, हातही कापतो, म्हणून टोचायचीही तीच.

पहिल्यांदा औषध आणायला दोघी जावा माझ्याच रिक्षेतून गेल्या होत्या. मेडिकलवाल्याने दोघींना समोर बसवून सांगितलं, "बर्फात ठेवायचं नाही बरं का. एकदा गोठलं की औषध मेलं. परत पातळ झालं तर दिसायला तसंच दिसतं, पण नुसतं पाणी टोचल्यासारखं." सुगंधाने ते दोनदा विचारून घेतलं. आनंदीने एकदाच ऐकलं.

भांडणाच्या दिवशी दुपारी मधू जेवून पडवीत आडवा झाला, तेव्हा आनंदीने फ्रीज उघडला. नवा खोका उचलला, वरच्या खणात बर्फाला टेकवून ठेवला. दोन दिवसांनी काढला, पुसला नि पहिल्या जागी ठेवून दिला. हे मला पुढे मधूने सांगितलं, पण घडलं त्या क्रमाने सांगतो.

चालू बाटली अजून आठवडाभर पुरली. मग सुगंधाने खोका फोडला. खोक्याचा पुठ्ठा सुजल्यासारखा झाला होता, पण फ्रीजातली वस्तू ओलसर लागायचीच, म्हणून तिने मनावर घेतलं नाही.

गुरुदास बसल्या जागी पेंगायला लागला. पाण्याचा तांब्या हातातून सुटेना. वैशाखाचं ऊन, काजूचं काम, त्याला वाटलं उन्हाळा बाधलाय. त्यातच शेतात पायात काटा मोडला. साधा बोराटीचा काटा. सुगंधाने सुईने काढला, हळद भरली. चार दिवसांत अंगठा काळा पडला, आठव्या दिवशी वास यायला लागला. त्या सगळ्या दिवसांत सुगंधा दोन वेळा मधूकडे जात होती. आनंदी फ्रीजचं दार उघडून बाटली तिच्या हातात देत होती, कसं आहे विचारत होती. एकदा तिने पेजही पाठवली. तेव्हा एक शब्द बोलली असती तर पाय राहिला असता. बोलली नाही.

मी त्यांना आधी तालुक्याला नेलं, तिथून त्यांना कोल्हापूरला पाठवलं. कोल्हापुरात गुडघ्याखालून पाय काढला.

वाडीत बातमी आली ती अशी की औषध बिघडलेलं होतं. मग कुणीतरी म्हणालं, बिघडणार नाही तर काय, सव्वीस वर्षांचा फ्रीज, गार करायचा बंद झाला असणार. दोन दिवसांत साऱ्या गावाने तेच धरलं. मधूला हे लागलं. गुरुदासच्या पायाचंही लागलं असेल, पण फ्रीजचं जास्त लागलं. तो हायस्कुलात गेला, जुन्या ओळखीवर प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला आणि फ्रीजात टांगला. दोन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ वाचून कॅलेंडरवर लिहिलं. चार, चार, पाच, चार. तिसऱ्या दिवशी तो कॅलेंडर काढून सगळ्यांना दाखवायला निघाला, तेव्हा आनंदी विळीवर भाजी चिरत होती. ती म्हणाली, "ठेव ता. फ्रीजाक काय एक झाला नाय. खोको मी ठेवलंय बर्फात, दोन दिस."

मधूने कित्याक म्हणून विचारलं.

"तेची जरा जिरांदे म्हणान. पाय जायत असा माका स्वप्न पडला होता?" विळी थांबली नव्हती. "जा, सांग सगळ्यांका. निहाराचा लग्न जुळता हा, तेंकाव सांग. माका जेलात घाल."

मधूने कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. संध्याकाळी माझ्याकडे आला नि म्हणाला, फ्रीजचा कॉम्प्रेसर गेलाय, भंगारवाल्याला बोलाव.

भंगारवाला घाटावरचा पोरगा. त्याने दार उघडलं, आत हात घातला नि गोंधळून म्हणाला, "काका, हा तर चालू आहे. बर्फ बघा केवढा." खळ्यात आम्ही चार माणसं उभी होतो. मधू म्हणाला, "घेवन जा म्हटलंय ना." पोराने पिन काढली. सव्वीस वर्षं घरात जी घरघर होती ती थांबली आणि घर एकदम मोकळं मोकळं वाटलं. टेम्पोत चढवताना खणातला बर्फ निसटून खळ्यात पडला, आणि कोंबड्या त्याला चोच मारून बघायला लागल्या. टेम्पो गेल्यावर मधूने मला घरामागच्या परड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्याचं त्याला माहीत. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे मीही त्यातलाच.

गुरुदास परत आला तेव्हा आषाढ लागला होता. रिक्षा घरापर्यंत जाईना, चिखलातून खुर्चीवर बसवून चौघांनी त्याला उचलून आणलं. वाटेत दोनदा खुर्ची कलली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने मधूला बोलावून घेतलं आणि स्वतःच विषय काढला, की झाडं तोड, वाट कर, दवाखान्यात न्यायला गाडी दारात यायला हवी. मधू रडायला लागला. गुरुदासला वाटलं, तो फ्रीजसाठी रडतोय.

"रडतंस कित्याक, मधूदा," तो म्हणाला. "सव्वीस वर्सां चललो. यंत्र ता, कधीतरी थकतलाच. तुझो काय दोष?"

निहारने नवा फ्रीज धाडला, दोन दारांचा, माणसाहून उंच. झाडं तोडून केलेल्या नव्या वाटेवरून आलेली पहिली गाडी त्या फ्रीजचीच. संध्याकाळी मी मधूच्या पडवीत बसलो होतो. सुगंधा आली. मला वाटलं औषध ठेवायला आली असेल, पण हात रिकामे. औषध ती आता घरातच ठेवत होती, मडक्यात, ओल्या वाळूत; आरोग्य केंद्राच्या आशाताईने, अक्षयाने, तिला शिकवलं होतं. ती पडवीच्या पायरीवर बसली. मी उठायला लागलो तर म्हणाली, तू बस. तिला साक्षीदार हवा असावा.

"वयनी," ती म्हणाली, "कोल्हापुरात डॉक्टरान बाटली उजेडात धरून माका दाखवल्यान. काचेक आतसून कण चिकाटलेले. गोठलेला म्हणालो. फ्रीज बिघाडलो तर गार करूचो नाय. गोठयता कसो?"

आनंदी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मधू जमिनीकडे बघत होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि सुगंधा आवाज न चढवता बोलत होती.

"ती बाटली माझ्या पेटयेत आसा. मी कोणाक सांगूचंय नाय. तेका तर नायच. पाय गेलो तो गेलो, भाव पण गेलो असा तेका वाटूक नको. पण माका आता काजूच्या फॅक्टरीत जावक व्हया. साडेसहाच्या गाडयेन जातंय, काळोख पडल्यार येतंय. सुई तू देवची. सकाळ-सांज. तो आसा तवसर, नायतर तू आसस तवसर."

"माका जमाचा नाय," आनंदी म्हणाली.

"जमात," सुगंधा म्हणाली, आणि डोक्यावर इरलं घेऊन निघून गेली.

जमलं. पहिल्या दिवशी आनंदीने सुई मोडली. दुसऱ्या दिवशी भलतीकडे टोचली, रक्त आलं. उलट वयनी एवढ्या पावसात येते म्हणून गुरुदासलाच लाज वाटायची. महिन्याभरात तिचा हात बसला. श्रावणात तिला ताप भरला, एक दिवस आली नाही, तर सुगंधा फॅक्टरीची गाडी सोडून तिच्या खळ्यात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, हाक मारली नाही. भिजत उभी राहिली, आनंदी उठून बाहेर येईपर्यंत. गणपतीत आनंदीला निहारकडे मुंबईला जायचं होतं, मुलगी बघायची होती. मधू एकटाच गेला. निहार आईवर रागावला. आमच्या वाडीत मात्र आनंदीचं नाव झालं. लोक सुनांना सांगायला लागले, जाऊ असावी तर अशी, दिराची एवढी सेवा कोण करतं.

भाऊबीजेला ती माहेरी जायची तयारी करून बसली होती. गुरुदासचा निरोप आला. त्याला सख्खी बहीण नाही. म्हणाला, वयनी आईच्या जागी, पण यंदा बहीण होऊन ओवाळ. मलाही बोलावलं होतं. सुगंधाने तबक तयार ठेवलं होतं, नवी साडीसुद्धा आणून ठेवली होती. तिने तबक आनंदीच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला भिंतीला टेकून बघत राहिली. आनंदीने टिळा लावला, ओवाळलं. निरांजन इतकं हलत होतं की दोनदा विझलं. दोन्ही वेळा सुगंधाने शांतपणे पेटवून दिलं.

साडी घेताना आनंदीने नको म्हटलं. सुगंधा म्हणाली, घे, त्याच्या मनात आहे.

मग सुईची वेळ झाली. गुरुदासने सदरा वर केला. आनंदीने मडक्यातली बाटली काढली, उजेडात धरून बघितली, सुई भरली, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं.

गुरुदास डोळे मिटून पडला होता. "कळला पण नाय, वयनी," तो म्हणाला.