उतरता भ्रम

तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या खोलीत दरवर्षी पहिल्या सत्राच्या शेवटी कानाची परीक्षा व्हायची. बाई पियानोवर एकामागून एक दोन स्वर वाजवायच्या आणि मुलांनी त्यांच्यातलं अंतर ओळखून कागदावर लिहायचं. असे चाळीस प्रश्न. चोवीस बरोबर आले की पास. संगीत महाविद्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला वाजवायचं असतं, गायचं असतं. संगीताचं शास्त्र कुणालाच नको असतं. त्यामुळे या परीक्षेचं नाव काढलं तरी मुलांची तोंडं वाकडी व्हायची.

बाई स्वतः तरुणपणी व्हायोलिन वाजवत. तेविसाव्या वर्षी त्यांना कळून चुकलं, की आपण चांगलं वाजवतो, पण नुसतं चांगलं वाजवणाऱ्यांना कुणी तिकीट काढून ऐकायला येत नाही. त्या रडल्याबिडल्या नाहीत. व्हायोलिन पेटीत ठेवलं, दोन वर्षं ग्रंथालयात घालवली आणि शास्त्राच्या शिक्षिका झाल्या. स्वभाव काटेकोर. स्वर पडताळून बघायचा दोन पायांचा पोलादी काटा कायम पर्समध्ये. मुलं त्या काट्याला चिमटा म्हणायची आणि बाईंना चिमटाबाई. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं.

नोकरीच्या नवव्या वर्षी पेपर तपासताना त्यांना एक गंमत दिसली. वरच्या एका स्वरावरून खाली चौथ्या स्वरावर उतरलं, की दहातली चार मुलं 'पाचवा' असं लिहीत होती. चढताना ही चूक होत नव्हती. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तुलना नीट व्हावी म्हणून बाईंनी प्रश्न बदलले नाहीत, वरचा स्वर बदलला नाही, खोली बदलली नाही, पियानोसुद्धा बदलू दिला नाही. सहा वर्षांचे आकडे जमल्यावर त्यांनी निबंध लिहिला: माणसाचा कान खाली उतरताना एक पायरी जास्त घसरतो. त्याला त्यांनी नाव दिलं 'उतरता भ्रम'.

निबंध गाजला. पाठ्यपुस्तकात त्यावर प्रकरण आलं. दोनदा परदेशी व्याख्यानं झाली. बाई विभागप्रमुख झाल्या. दुसऱ्या दोन महाविद्यालयांनी तसाच प्रयोग करून बघितला, पण त्यांना भ्रमबिम काही सापडला नाही. बाईंनी त्यांना सभ्य भाषेत कळवलं, की आधी पियानो नीट लावून घ्यावा.

याच काळात त्यांची भाची, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, बासरी घेऊन महाविद्यालयात दाखल झाली. हजेरीच्या क्रमाने तिची जागा शेवटच्या रांगेत आली. परीक्षेआधी ती बाईंच्या खोलीत आली.

"आत्या, मला पुढे बसू दे ना. मागे सारखं घूंऽऽ होत असतं. लक्ष लागत नाही."

"इथे मी आत्या नाही. आणि तुला पुढे बसवलं तर लोक काय म्हणतील?"

"अगं, पण ऐकू—"

"लक्ष दिलंस की घूं ऐकू येणार नाही."

पहिल्या वर्षी भाचीला बावीस मिळाले, दुसऱ्या वर्षी तेवीस. दोनदा नापास झालं की महाविद्यालय सोडायचं, असा नियम. विभागप्रमुख म्हणून त्या कागदावर सही बाईंचीच. त्या दिवशी दादाचा फोन आला. "एका मार्कासाठी?" एवढंच तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "दादा, मार्क मी देत नाही, उत्तरं देतात." त्यानंतर दादाने फोन केला नाही. कुणाच्या लग्नात भेट झाली तर वहिनी बोलायची, दादा ताटात बघून जेवायचा. भाची जमीनमोजणीचा अभ्यासक्रम करून सरकारी मोजणी खात्यात लागली. बासरीचं काय झालं, हे विचारायची बाईंना हिंमत झाली नाही.

सहा वर्षं अशीच गेली. मग एका वर्षी परीक्षेचे पेपर तपासायला घेतले आणि बाई चक्रावल्या. उतरता भ्रम नव्हता. बेचाळीस मुलांत 'चौथ्या'चा 'पाचवा' लिहिणारी फक्त तीन.

पहिला संशय पेपर फुटल्याचा आला. त्यांनी वर्ग पुन्हा बसवला, प्रश्न उलटसुलट क्रमाने वाजवले. निकाल तोच. हुशार मुलांची तुकडी म्हणावी, तर बाकीच्या प्रश्नांत ती नेहमीसारखीच गोंधळलेली. दोन दिवस बाईंना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या चौदा नंबरमध्ये जाऊन नुसत्या बसून राहिल्या. तेवढ्यात महाविद्यालयाचा वायरमन शिडी घेऊन आत आला.

"बसा, बसा बाई. मी मागचं भोक मोजून जातो. नवा पंखा मागवायचाय."

"कसलं भोक?"

त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. छताखाली, शेवटच्या रांगेच्या डोक्यावर, चौकोनी खिडकी पुठ्ठ्याने बंद केलेली होती. "हवा बाहेर टाकायचा पंखा होता ना. मोटर गेली त्याची. सुट्टीत काढला मी. काय आवाज करायचा, अगदी भुंग्यासारखा! तुम्हाला त्रास नाही झाला कधी?"

पुढे पियानोपाशी तो आवाज जेमतेम यायचा, आणि जेवढा यायचा तेवढ्याची बाईंच्या कानांना सवय झाली होती. मागच्या रांगेत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

"कधी बसवला होता तो?" त्यांनी विचारलं.

वायरमनने डोकं खाजवलं. "मी लागलो त्याच वर्षी. म्हणजे पंधरा वर्षं झाली बघा."

बाईंनी मनाशी हिशोब केला. नोकरीचं नववं वर्ष.

"तो पंखा आहे का अजून?"

"भंगारात पडलाय. मोटर रडतखडत फिरते, पण फिरते."

"इथे लावून चालू करता येईल?"

"बाई, मुद्दाम काढलाय मी तो!"

"दहा मिनिटांसाठी."

वायरमन मनातल्या मनात काय म्हणाला असेल ते असो, पण त्याने पंखा आणला, भोकात टेकवून धरला आणि तारा जोडल्या. बाई शेवटच्या रांगेत, भाचीच्या जागेवर बसल्या. पंखा घूंऽऽ करू लागला. बाईंनी पर्समधून काटा काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. पडताळायची खरं तर गरज नव्हती. पंखा जो स्वर धरून बसला होता, तो त्यांच्या परीक्षेतला बरोबर 'पाचवा' होता. पियानोवरचा खालचा स्वर मऊ आणि लांबून येणारा. डोक्यावरचा हा स्वर जाडजूड आणि सतत. मागच्या मुलांनी ऐकलं ते खरंच ऐकलं होतं. फक्त ते पियानोचं नव्हतं.

"बंद करू?" शिडीवरून वायरमनने विचारलं. "हात भरून आले."

"करा," बाई म्हणाल्या. "आणि आभारी आहे."

बाईंनी एकही उत्तरपत्रिका कधी टाकली नव्हती. चार शनिवार खोलीत बसून त्यांनी पंधरा वर्षांचे गठ्ठे सोडले आणि रांगेप्रमाणे लावले. प्रत्येक पेपरवर आसन क्रमांक होता. इतक्या वर्षांत तो त्यांनी फक्त नाव जुळवायला वापरला होता. पुढच्या चार रांगांत भ्रम जवळजवळ नव्हताच. मागच्या तीन रांगा भ्रमाने भरलेल्या. उतरत्या चौथ्याचे सहा प्रश्न बाद धरले, तर नापास झालेल्यांपैकी एकोणीस जण पास होत होते. अकरावं नाव भाचीचं होतं.

त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य भला माणूस, पण निवृत्तीला वर्ष उरलेला.

"बाई, झालं ते झालं. कशाला उकरून काढताय? नवा पंखा बिनआवाजाचा मागवू. विषय संपला."

"एकोणीस मुलं आहेत, सर."

"त्यांना कुठे ठाऊक आहे?"

"म्हणूनच सांगायला हवं."

"आणि तुमचा निबंध? पाठ्यपुस्तक? लोक हसतील हो. महाविद्यालयाला हसतील."

"मला हसतील. पंखा महाविद्यालयाचा असला तरी निबंध माझा आहे."

बरीच घासाघीस झाली. शेवटी प्राचार्यांनी हात टेकले आणि सुधारित गुणपत्रिका द्यायला परवानगी दिली. एकोणिसांना परत प्रवेश घ्यायचा असेल तर तोही. बाईंनी विभागप्रमुखपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. प्राचार्य म्हणाले, "याची गरज नाही." बाई म्हणाल्या, "मला आहे." निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. त्यात 'दुर्दैवाने' हा शब्द आधी आला होता, तो खोडून त्यांनी 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं केलं.

एकोणीस पत्रं गेली. अठरा टपालाने आणि एक हाताने.

दादाच्या घरी त्या रविवारी दुपारी गेल्या. दार वहिनीने उघडलं. दादा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते खाली केलं नाही. भाची आतून आली, हात पुसत. उन्हात फिरून रापली होती, अंगाने भरली होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पंखा, रांगा, सहा प्रश्न.

"मी सांगितलं होतं तुला," भाची म्हणाली. "घूं होतं म्हणून."

"हो."

"तू म्हणालीस, लक्ष दे."

"हो. म्हणाले."

"मी इतकं लक्ष दिलं ना आत्या, की मला घरी झोपतानासुद्धा ते घूं ऐकू यायचं. मला वाटलं, माझ्याच कानात बिघाड आहे. डॉक्टरकडे जाऊन आले मी. तुम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं."

वर्तमानपत्र आता खाली आलं होतं. बाईंनी पाकीट पुढे केलं. भाचीने कागद काढला, उभाआडवा वाचला.

"चौतीसांपैकी बावीस. पासला किती?"

"एकवीस."

"म्हणजे पहिल्याच वर्षी पास."

"पहिल्याच वर्षी. परत यायचं असेल तर जागा आहे. तशी लेखी परवानगी आहे त्यात."

भाची हसली, पण फार मनापासून नाही. "आता? अगं, माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. मला ते काम आवडतं, खरंच. लोक शिव्या देतात बांधावर उभे राहून, तरी आवडतं." तिने कागदाची घडी केली. "हा मात्र मी ठेवते. शिक्का आहे ना यावर?"

"आहे."

"बरं झालं." ती आत गेली आणि थोडा वेळ बाहेर आलीच नाही. वहिनी तिच्या मागे गेली.

बाहेरच्या खोलीत भाऊ-बहीण उरले. दादा म्हणाला, "बस की. उभी का?" बाई बसल्या. दादाने विचारलं, "तुझं आता तिथे काय?"

"पहिल्या वर्षाला शिकवीन. बाकी काही नाही."

"पगार तोच?"

"थोडा कमी."

"हं," दादा म्हणाला, आणि वर्तमानपत्राचं मधलं पान काढून त्यांच्याकडे दिलं.

अठरांपैकी सात जणांची उत्तरं आली. एक मुलगा परत आला आणि यथातथा गुण मिळवून पदवीधर झाला. एकीने चार पानं भरून बाईंना फैलावर घेतलं. बाईंनी ती चारही पानं दोनदा वाचली आणि उत्तर लिहिलं, ज्यात एकही सबब नव्हती. एकाने लिहिलं, की मी तसाही वाजवायचं सोडणारच होतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ज्या महाविद्यालयांना बाईंनी पियानो लावून घ्यायला सांगितलं होतं, त्यांतल्या एका प्राध्यापकाची चिठ्ठी आली: 'आम्ही आमचा पियानो तीनदा लावून घेतला. शेवटी तो विकून नवा आणला. नवाही उत्तम आहे.' ही चिठ्ठी वाचून बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण नव्हतं. परिषदेत काही जण त्यांना बघून कुजबुजायचे, काही जण मुद्दाम जवळ येऊन बोलायचे. बाईंना दोन्ही सारखंच अवघड वाटायचं. नवा विभागप्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी होता आणि त्यांच्याशी जरा जास्तच अदबीने वागायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई आता बेचाळीसच्या बेचाळीस जागांवर एकेकदा बसून येतात. मुलं म्हणतात, चिमटाबाई खुर्च्या मोजतात.

त्या रविवारनंतर दोनेक महिन्यांनी दादाचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"जुनी गाडी घेतोय. विकणारा म्हणतो इंजिन लोण्यासारखं आहे. मला यातलं काही कळत नाही. तू ये आणि ऐक."

"दादा, मी मेकॅनिक नाही."

"मेकॅनिक त्याच्या ओळखीचा आहे. तू माझ्या ओळखीची आहेस."

बाई गेल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही दारं उघडून आळीपाळीने चारही जागांवर बसल्या, मग बॉनेटवर कान ठेवला. विकणारा तोंडात बोट घालून बघत राहिला.

"उजवीकडे काहीतरी वाजतंय," त्या म्हणाल्या. "तापल्यावर जास्त वाजेल. घेऊ नकोस."

दादाला गाडीचा रंग आवडला होता. त्याने ती घेतली.